सकाळी मेल जाते, संध्याकाळी अडकते: एचएफ रेडिओवरच्या ई-मेलचं जुनं दुखणं

एचएफ म्हणजे आकाशातून टप्पा घेऊन शेकडो किलोमीटर जाणारा शॉर्टवेव्ह रेडिओ. फोन नसलेल्या ठिकाणी त्यावरून ई-मेलही पाठवतात. लक्षण असं. सकाळी दहाला जोडणी पहिल्या हाकेला लागते, पाच-सहा पत्रं बघता बघता निघून जातात. संध्याकाळी सातला तोच रेडिओ, तोच मोडेम (मजकुराचे सूर करून रेडिओला देणारी पेटी), तीच अँटेना, आणि मेल जागची हलत नाही. कधी पलीकडचं केंद्र उत्तरच देत नाही, कधी जोडणी लागते आणि निम्म्यात तुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं सुरळीत. मग ठरलेला निष्कर्ष: दिवसभरात मोडेम तापत असणार, मोडेम बदला.

परवा ओळखीतल्या एका मुलाचा निरोप आला. तो पॅसिफिकमधल्या एका लहान बेटावर सोलरचं काम करतो आणि तिथल्या दवाखान्याचा रेडिओही त्याच्याच गळ्यात पडलाय. "काका, मोडेम बदलू का?" नको रे बाबा. थांब जरा. हे दुखणं मी इतक्यांदा पाहिलंय की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

मी मूळचा बोटीवरचा रेडिओ ऑफिसर. १ फेब्रुवारी १९९९ ला जहाजांवर जीएमडीएसएस (संकटकाळच्या संपर्काची नवी, स्वयंचलित व्यवस्था) पूर्ण लागू झालं, मोर्सची सक्ती संपली आणि आमची जमात हळूहळू किनाऱ्याला लागली. कोणी केबलवाला झाला, कोणी मोबाइल टॉवरवर चढला. मी एका छोट्या संस्थेकडून सॉलोमन आयलंड्समध्ये गेलो. तिथे ९०० च्या वर बेटं, बऱ्याच ठिकाणी फोन नाही, रस्त्याचा प्रश्नच नाही, आणि १९९८ पासून चाललेल्या वांशिक संघर्षाने जे होतं तेही मोडलेलं. याच काळात, २००१ पासून, तिथे पीपल फर्स्ट नेटवर्क उभं राहिलं. गावातल्या दवाखान्यात किंवा शाळेत एक एचएफ रेडिओ, एक मोडेम, एक लॅपटॉप आणि छपरावर सोलर पॅनल. गावकरी येऊन मजकूर सांगणार, चालवणारा टाइप करणार, आणि दिवसातून ठरल्या वेळी राजधानी होनिआरातल्या मुख्य केंद्राला रेडिओवरून जोडून मेलची देवाणघेवाण. तिथून पुढे नेहमीचं इंटरनेट.

हे किती मोलाचं होतं ते सांगायला एकच गोष्ट पुरे. २८ डिसेंबर २००२ ला झोई नावाचं चक्रीवादळ टिकोपिया बेटावरून गेलं. होनिआरापासून हे बेट सुमारे १००० किलोमीटर. तिथे माणसं जिवंत आहेत की नाहीत हे जगाला कित्येक दिवस कळलं नाही. मदतीची पहिली बोट पोचायला आठवडा उलटला. सुदैवाने लोक कपारींत, गुहांत शिरून वाचले होते. पण "आम्ही ठीक आहोत" एवढे तीन शब्द बाहेर पाठवायला काही नव्हतं.

तर, मुद्द्यावर.

आधी कान लावा, मग स्क्रू ड्रायव्हर

रेडिओचा आवाज बंद करून नुसत्या पडद्याकडे बघत बसू नका. पॅक्टरसारख्या मोडेमच्या पद्धतीत दोन्ही केंद्रं आळीपाळीने बोलतात. सव्वा सेकंदाची एक फेरी. त्यात मेल पाठवणारा जवळजवळ एक सेकंद बडबडतो, आणि मधल्या फटीत ऐकणारा एवढुसा "चिक्" करून सांगतो की पोचलं, किंवा नाही पोचलं, पुन्हा सांग. चिर्रर्र-चिक्, चिर्रर्र-चिक्. सवय झाली की पलीकडच्या खोलीतूनही कळतं की गाडी रुळावर आहे की अडखळतेय.

पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: कोण कोणाला ऐकत नाहीये?

पलीकडचं केंद्र तुम्हाला ठणठणीत ऐकू येतंय, इतरांशी त्याचं छान चाललंय, पण तुमच्या हाकेला उत्तर नाही: दोष तुमच्या पाठवण्यात. पलीकडचं काहीच ऐकू येत नाही, नुसती खरखर: दोष तुमच्या घरातल्या गोंगाटात. खरखरही नाही, सगळं शांत आणि रिकामं: दोष आकाशात, नाहीतर अँटेनाच्या तारेत. आणि चौथं, जे लोक लक्षातच घेत नाहीत: मेल येते, पण जात नाही. हे दिसलं की आधी बॅटरीकडे जा.

बॅटरी, म्हणजे खरं तर बॅटरीची वायर

पश्चिमेकडच्या एका बेटावरचा दवाखाना. मी पोचण्याआधी तिथला मोडेम दोनदा बदलून झाला होता. नर्सबाईंनी दारातच हात झटकून सांगितलं, "हेम बागाराप." तिथल्या पिजिन भाषेत याचा अर्थ, गेलं, वाट लागली. दुपारी मी स्वतः मेल पाठवून पाहिली, एकदम उत्तम. बाई माझ्याकडे "आता कसं सांगू याला" अशा नजरेने बघत राहिल्या. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बसतो.

सूर्य कलला, पॅनलचा पुरवठा थांबला. मी मल्टिमीटर थेट रेडिओच्या मागच्या खुंट्यांवर लावला, बॅटरीवर नाही. हे महत्त्वाचं. ऐकताना १२.३ व्होल्ट. पाठवायला लागल्याबरोबर १०.९. असले १०० वॉटचे रेडिओ १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि साधारण ११.७ च्या खाली त्यांची खात्री कोणी देत नाही. काही बंद पडतात. त्याहून वाईट म्हणजे काही बंद पडत नाहीत, पण त्यांचा सूर फाटतो. आपल्याला वाटतं पाठवतोय, पलीकडच्याला नुसता चिखल ऐकू येतो.

मधला व्होल्ट-दीड व्होल्ट गेला कुठे? वायरमध्ये. अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरी पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. त्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम. ऐकायला क्षुल्लक आकडा. पण रेडिओ पाठवताना २० अँपिअर ओढतो, आणि वीस गुणिले ०.०७ म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच खलास. दिवसा पॅनल बॅटरीला साडेतेरा-चौदाच्या आसपास धरून ठेवतं, त्यामुळे ही गळती झाकली जाते. संध्याकाळी उघडी पडते. आणि मेल घेताना रेडिओ फक्त "चिक्" करतो म्हणून घेणं चालू राहतं. पाठवताना फेरीतला बहुतेक वेळ पूर्ण जोर लागतो, म्हणून जाणं बंद होतं. घरात पंप सुरू केला की दिवा मंद होतो ना, तसंच.

उपाय सरळ आहे. दहा चौरस मिलिमीटरची वायर घाला, बॅटरी जवळ आणा, लग (वायरीच्या टोकाच्या कड्या) घासून पुन्हा घट्ट करा, फ्यूज होल्डर उघडून बघा. समुद्राच्या हवेत तिथे हिरवा गंज धरलेला असतो आणि तो वायरहून जास्त व्होल्ट खातो. वायर लगेच मिळणार नसेल तर आजच्या आज करण्यासारखं एक आहे: पॉवर १०० वरून २५ वॉटवर आणा. घाबरू नका. पलीकडच्या एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर) एवढ्याने एकच घर कमी होतं. फाटक्या शंभर वॉटपेक्षा स्वच्छ पंचवीस केव्हाही बरे.

हल्ली वेगळा मोडेम न वापरता लॅपटॉपवरच 'वारा' (VARA) नावाच्या प्रोग्रॅमसारखा सॉफ्टवेअर मोडेम चालवतात. स्वस्त पडतं, चालतंही चांगलं. पण तिथे सूर फाटण्याचं आणखी एक कारण आहे, लॅपटॉपचा आवाज चढवून ठेवणं. रेडिओवरचा एएलसीचा (आत येणारा आवाज जास्त झाला की सांगणारा) काटा जेमतेम हलेल न हलेल इतकाच आवाज ठेवा. मेल जात नाही म्हणून आवाज वाढवणं म्हणजे बहिऱ्याच्या कानाशी भोंगा लावण्यासारखं आहे. त्याला अजूनच कळत नाही.

दिवेलागणीचा गोंगाट

त्याच दवाखान्यात त्याच संध्याकाळी. वायरची गोष्ट सापडली म्हणून मी खूश होतो. सहा वाजून वीस मिनिटांनी बाईंनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि रेडिओच्या एस-मीटरचा काटा तीनवरून उठून थेट आठवर जाऊन बसला. होनिआराचा सिग्नल सहाच्या आसपास येत होता. म्हणजे आमच्याच ट्यूबलाइटने आमच्याच मेलचा गळा दाबला होता.

बारा व्होल्टवर चालणाऱ्या त्या ट्यूबमध्ये छोटा इन्व्हर्टर असतो आणि तो एचएफवर सगळीकडे भुणभुण करतो. आता ट्यूब गेल्या, एलईडी आले, पण भुणभुण गेली नाही. स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे त्याच जातीचे. सोलरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरी भरणारी पेटी) हासुद्धा, पण तो उलट दिवसा ओरडतो आणि रात्री गप्प बसतो. म्हणून त्रास कोणत्या वेळी होतो यावरूनच चोर निम्मा सापडतो.

शोधायची रीत: मोडेमने जोडायच्या आधी रेडिओ रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर ठेवा, एस-मीटर बघा, आणि घरातलं एकेक बटण बंद करत जा. फ्रिज विसरू नका. लॅपटॉपचा चार्जर काढून लॅपटॉप त्याच्याच बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा गुन्हेगार टेबलावरच बसलेला असतो. सापडला की त्याच्या वायरीला गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून सात-आठ वेढे द्या, किंवा मेलच्या वेळेपुरतं ते उपकरण बंद ठेवा. आम्ही त्या ट्यूबच्या बटणावर पिजिनमध्ये एक चिठ्ठी चिकटवली. मेलची पंधरा मिनिटं कंदील. अभियांत्रिकी म्हणून फारसं अभिमानाचं नाही, पण चाललं.

आकाश

इथे जरा थांबतो, कारण लोकांना मोडेम कळतो, बॅटरी कळते, आकाशाचं मात्र "हवामान खराब असेल" म्हणून सोडून देतात.

तळ्यात भाकऱ्या काढल्यात का कधी? चपटा दगड पाण्याला जवळजवळ समांतर मारला तर टप्पे घेत लांब जातो. उभा मारला तर डुबुक. एचएफच्या लहरीचंही तसंच, फक्त पाणी डोक्यावर आहे. साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर सूर्याच्या उन्हाने तयार झालेला विद्युतभारित थर असतो, एफ-२. लहर त्याला तिरकी लागली तर परत येते, उभी लागली तर भेदून निघून जाते. आणि फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी भेदून जाण्याची खोड जास्त.

समजा एखाद्या संध्याकाळी सरळ वर मारलेली ५ मेगाहर्ट्झपर्यंतचीच लहर परत येतेय. थर ३०० किलोमीटरवर आहे. ४५० किलोमीटरवरच्या केंद्राशी, म्हणजे सरळ रेषेत मुंबई ते पणजीहून थोडं जास्त, बोलायचं तर लहर बरीच उभी जाते. परत येणाऱ्या फ्रिक्वेन्सीची वरची मर्यादा येते सव्वासहा मेगाहर्ट्झच्या आसपास. १००० किलोमीटरवरच्या केंद्राशी बोलायचं तर लहर चांगली तिरकी जाते आणि मर्यादा जवळजवळ साडेनऊपर्यंत चढते. म्हणजे त्याच मिनिटाला टिकोपियासारखं लांबचं बेट ८ मेगाहर्ट्झवर होनिआराशी मजेत बोलेल, आणि निम्म्याहून कमी अंतरावरचं बेट त्याच ८ वर "कोणी ऐकतंय का" करत बसेल. जवळच्याला ऐकू येत नाही आणि लांबच्याला येतं, हे डोक्याला पटत नाही. म्हणून माणसं पुन्हा मोडेमकडे वळतात.

मग नेहमी खालचीच फ्रिक्वेन्सी का वापरू नये? कारण दिवसा त्याही खाली डी नावाचा थर असतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो. सूर्य मावळला की डी विरतो. तेव्हा ४-५ मेगाहर्ट्झ मोकळे होतात, पण त्याच वाटेने शेकडो किलोमीटरवरच्या विजांचा कडकडाटही येतो. उष्ण कटिबंधात संध्याकाळी हा हमखास असतो. म्हणून रात्री मर्यादेच्या अगदी तळाशी जाऊन बसू नका. अंदाजे मर्यादेच्या ८५ टक्क्यांवर बसा. वरच्या उदाहरणात जवळच्या बेटासाठी सव्वापाच-साडेपाच, लांबच्यासाठी आठ. हिशेब हाताने करायची गरज नाही. व्होआकॅप हा फुकट प्रोग्रॅम तासातासाचा तक्ता काढून देतो. फक्त त्यात चालू महिन्याचा सौर डागांचा आकडा घाला, गेल्या वर्षीचा नको.

हा आकडा हीच खरी मेख आहे. २००१ मध्ये सूर्य ऐन भरात होता, म्हणजे डाग भरपूर आणि वरची मर्यादा उंच. तेव्हा ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीचे कागद दवाखान्या-दवाखान्यात भिंतीवर प्लास्टिकमध्ये घालून टांगले गेले. प्लास्टिकमध्ये घातलेला कागद कोणी बदलत नाही. २००८ च्या अखेरीस सूर्य गेल्या कित्येक दशकांतल्या सर्वांत खोल मंदीत होता, आणि ज्या ८ मेगाहर्ट्झवर पूर्वी रात्री नऊपर्यंत मेल जायची ती दिवेलागणीलाच मरू लागली. रेडिओ तोच, माणूस तोच, कागदही तोच. बदललेला एकटा सूर्य.

आता तुझ्या बेटाचं बघ. सूर्याचं चालू चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. म्हणजे तुमच्या भिंतीवरचा कागद २०२३-२४ मधला असेल तर तो आता दरवर्षी थोडा थोडा खोटा होत जाणार, आणि सगळ्यात आधी खोटा होणार तो संध्याकाळच्या रकान्यात. तक्ता नव्याने काढ आणि वर तारीख लिही, पेन्सिलने.

एखाद्या दिवशी सगळंच बंद पडतं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही. ते सौर ज्वाळेने किंवा चुंबकीय वादळाने होऊ शकतं. ज्वाळेचा फटका उन्हाच्या बाजूला बसतो आणि बहुधा तासाभरात ओसरतो, वादळाचा एक-दोन दिवस रेंगाळतो. त्यावर उपाय नाही, चहा प्यावा. अशी वादळं आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून टिपली जातायत. ती आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर यंत्रं बिघडतील म्हणून अलिबागला हलवली. ट्यूबलाइटने मेल अडवण्याचाच तो प्रकार, फक्त शंभर वर्षं आधीचा.

अँटेनाबद्दल थोडंसं

तिनशे-चारशे किलोमीटरच्या परिघात बोलायचं असेल तर अँटेना उंच नेण्याचा हट्ट धरू नका. लहर वर जायला हवी, म्हणून आडवा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार) सात-आठ ते दहा मीटरवर पुरतो. लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ: सव्वापाचला साधारण सव्वासत्तावीस मीटर, दोन समान भागांत. माडांना बांधताना एका टोकाला कप्पी आणि दगडाचं वजन लावा. वाऱ्यात माड डोलतात आणि कडक बांधलेली तार पहिल्या वादळात तुटते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण सोलरवाल्या पुणेकरांना सांगावं लागतं.

कोअॅक्स, म्हणजे रेडिओ ते अँटेना जाणारी केबल, तिच्या वरच्या टोकातून पाणी शिरलं की आतली जाळी काळी पडते. टोकाला रबरी, एकजीव होणारी टेप गुंडाळा. काळी पडलेली केबल एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप) उलट छान दाखवते, कारण परत येणारी ताकदही तीच खाऊन टाकते. त्या मीटरवर आंधळा विश्वास नको.

आणि कधीकधी रेडिओ पूर्ण निर्दोष असतो

जोडणी लागते, मेल उतरायला लागते, चाळीस टक्क्यांवर तुटते. पुन्हा जोडतो, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चाळीस. असं रोज संध्याकाळी झालं तर रांगेत कोणाचा हत्ती अडकलाय ते बघा. चांगल्या संध्याकाळी सेकंदाला १०० बाइट धरले तर साधं पत्र अर्ध्या मिनिटात येतं. विनलिंकवर (रेडिओवरून ई-मेल नेणाऱ्या सेवेवर) जोडलेल्या फाइलींची सर्वसाधारण मर्यादा १२० किलोबाइटची आहे. त्या वेगाने तेवढ्याला वीस मिनिटं लागतात, आणि संध्याकाळी आकाश वीस मिनिटं एकसारखं राहत नाही. दोन मेगाबाइटचा फोटो तर सोडूनच द्या.

हत्ती बहुतेक वेळा निरागस असतो. शहरातल्या कोणीतरी "बरं, कळलं" एवढंच उत्तर दिलेलं असतं. त्याच्या खाली आधीची अकरा पत्रं, कंपनीचं बोधचिन्ह आणि "हे पत्र छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा". मुख्य केंद्रावर चित्रं काढून टाकायची सोय करून घ्या आणि लहान पत्रं आधी सोडायला सांगा. शहरातल्या लोकांना एक ओळ पाठवा: नवं पत्र लिहा, उत्तराचं बटण दाबू नका.

तर बाळा, मोडेमला हात लावू नकोस. एक वही घे. सात संध्याकाळी, जोडायच्या आधी आणि जोडताना, एवढं लिही: वेळ, फ्रिक्वेन्सी, रिकाम्या वाहिनीवर एस-मीटर किती, ऐकताना रेडिओच्या खुंट्यांवर किती व्होल्ट, पाठवताना किती, पलीकडचं ऐकू आलं का, मेल आली का, गेली का. घरात कोणते दिवे चालू होते तेही. आठव्या दिवशी पानांचा फोटो पाठव. फोटो लहान करून पाठव.